येसूचा झाडू

लाल कड्याच्या पायथ्याशी, सोनकीच्या पिवळ्याधम्मक फुलांत बुडालेली एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत येसू, तिची आई आणि नऊ दिवसांचा केर. हो, केर! मुद्दाम ठेवलेला.

त्याचं असं झालं. येसूचे बाबा दोर खांद्यावर टाकून कड्यावरचा मध काढायला निघाले आणि येसूनं, गुणी पोर ना ती, लगेच घर झाडून काढलं. माणूस घराबाहेर पडल्या पडल्या झाडू नये म्हणतात, पण हे सात वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं होतं? बाबा चार दिवसांत यायचे होते. नऊ झाले. गावातले चौघे शोधायला गेले, तेही अजून परतले नव्हते. आईनं झाडू पहिल्याच दिवशी आढ्यात खोचून ठेवला होता. आता ती उठताबसता येसूला बोलायला लागली.

"तूच त्यांना केरासारखं बाहेर काढलंस!"

येसू बिचारी सोनकीच्या ताटव्यात जाऊन बसायची. पायवाटेवर पान हललं तरी ती धडपडून उठायची.

दहाव्या दिवशी एका फुलातून बोटभर परी बाहेर आली. चिमुकले जांभळे पंख, कडांना चंदेरी टिकल्या.

"मी वाट बघणाऱ्यांची परी. एक इच्छा माग, बाळ."

"माझे बाबा आण!"

"ते नाही गं जमत. बातमी मला आणता येत नाही, बदलता येत नाही, आधी सांगताही येत नाही. वाट बघणाऱ्यांसाठी काय हवं ते माग."

"मग तू कसली गं परी!" येसू ओरडली. खरंच की! या पऱ्या येतात उशिरा आणि अटी आणतात पोतंभर.

येसू चिडली, रडली, मूठमूठ फुलं उपटली. परी उपटलेल्या फुलांवर येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "तुझी भीती घेऊन जाऊ?"

येसूला ते फार फार हवं होतं. पण तिनं झोपडीकडे पाहिलं. आई दारात उभी होती. डोळे कोरडे ठक्क.

"आईला रडू दे," येसू म्हणाली. "अपशकुन होईल म्हणून ती रडतच नाही. सगळं माझ्यावर काढते."

"आणि तुझी भीती?"

"असू दे. सवय झालीय."

परीनं तिच्या गालाला इवलासा हात लावला आणि लख्खकन सोनेरी उजेड पडला. उजेड ओसरला तेव्हा फूल होतं, परी नव्हती.

तिकडे आई उंबऱ्यातच बसली आणि धाय मोकलून रडली. रडता रडता तिनं येसूला कुशीत ओढलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी चौघे परतले. त्यांच्याजवळ बाबांचा तुटलेला दोर होता. बाबांना कड्याखालीच मूठमाती दिली होती.

शेजारणी जमल्या. एक कुजबुजली, "पोरीनं पाठोपाठ केर काढला, दुसरं काय!"

येसूनं मान खाली घातली.

आई उठली. दोराचं टोक तिनं शेजारणीच्या नाकासमोर धरलं. "बघा नीट. दगडाला घासून तुटलाय. माझ्या लेकीच्या झाडूनं नाही! पुन्हा असं बोललात तर या दारात पाय ठेवू नका."

मग तिनं आढ्यातला झाडू काढला. केरात काहीतरी सोनेरी लुकलुकलं आणि विझलं.

"ये, येसू," आई म्हणाली. "घर झाडू आपण."