येसूची अर्धी टोपली

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात बुधाजी नावाचा एक वाटाड्या राहत होता. रानातला नव्हे, पाण्यातला वाटाड्या.

तिथलं पाणी मोठं लबाड. भरतीला कोसभर पसरायचं, पण खोली म्हणाल तर गुडघाभर, फार तर कमरेइतकी. तळाला कुठे वाळू, तर कुठे माणसाला मांडीपर्यंत गिळणारा चिखल. भरती चढू लागली की मोठाले जिताडे मासे त्या उथळावर चरायला येत. त्यांच्या ओढीने लांबलांबचे हौशी लोक गळ घेऊन गावात उतरत. पण नवख्याला तिथे मासा दिसायचाच नाही. त्याला आपलं पाणीच पाणी.

मग बुधाजीची होडी. तो मागच्या टोकाला उभा राहायचा आणि लांब बांबू रोवत होडी अशी सरकवायचा, की पाण्यालासुद्धा पत्ता लागू नये. मध्येच थांबायचा. बोट करायचा. "तिकडे. सहा वाव लांब. फेका!" पाहुण्याने गळ फेकला की मासा लागलाच म्हणून समजा. लोक म्हणत, घारीचा डोळा एक आणि बुधाजीचा दुसरा.

अशी चाळीस वर्षं गेली. मग त्या घारीच्या डोळ्यांवर पडदा चढला. आधी लांबचे किनारे पुसले गेले, मग माणसांची तोंडं. शेवटी शेवटी सगळं ताकासारखं पांढरं झालं.

बुधाजीने हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला, येसूलासुद्धा नाही. आंधळ्या वाटाड्याच्या होडीत कोण बसेल? माणसाला भूक सोसते, पण उतरलेलं नाव सोसत नाही. त्याने एक युक्ती काढली. होडी कुठे आहे ते त्याला बांबूच्या टोकाने कळायचंच. वाळू वेगळी लागते, चिखल वेगळा लागतो. आपल्या नेहमीच्या जागी होडी नेऊन तो पाहुण्याला म्हणायचा, "आता बघू तुमची नजर किती तयार झाली. समोर काय दिसतं ते मला सांगा."

पाहुणा खूष होऊन सांगायचा, "डाव्या हाताला पाणी थरथरतंय."

"शाबास! मीही तेच बघत होतो. फेका."

आणि नवल असं, की मासे खरंच लागत. पूर्वी दिवसाला दोन लागायचे, तिथे आता तीन. बुधाजीला वाटलं, दर्याला आपली दया आली. त्या वर्षी नारळीपौर्णिमेला त्याने एक नारळ जास्तीचा वाहिला आणि हात जोडून पुटपुटला, "बाबा, माझी लाज राखलीस."

येसू रोज ओहोटीला बायकांबरोबर मुळे काढायला जायची. मुळे म्हणजे चिखलातले शिंपले. पाण्यात वाकून, हाताने चाचपून काढायचे. भरती लागली की बाकीच्या बायका भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन घरी निघत. येसू मात्र मागे राहायची. सगळ्यांच्या नंतर यायची, आणि टोपली अर्धी.

शेजारची द्वारका जिभेची तिखट. ती म्हणायची, "काय गो येसू, एकेका मुळ्याला नाव विचारून टोपलीत घालतेस की काय?"

येसू हसायची. "काय करू गो, मुळेच हुशार झालेत."

बुधाजीही घरात तिला टोचायचा. टोपलीत हात घालून चाचपायचा आणि म्हणायचा, "सगळ्यांच्या मागून येतेस, आणि टोपली अर्धी! मी बघ, तीन जिताडे काढून दिले आज. तुझ्या हातात आता काही राहिलं नाही गो."

येसू त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढत बसायची.

एके दिवशी घाटावरून तवनाप्पाशेट नावाचा गुळाचा व्यापारी आला. धिप्पाड माणूस, आवाज ढोलासारखा. बुधाजीचं नाव ऐकून तो दोन दिवसांची वाट तुडवत आला होता. सकाळची भरती लागली तशी होडी निघाली.

बुधाजीने त्याला पहिल्या जागी नेलं. काही नाही. दुसऱ्या जागी नेलं. काही नाही. तिसऱ्या जागी ऊन चढू लागलं, तरी पाणी हललं नाही.

शेट म्हणाला, "काय ओ तांडेल, मासं हायीत का परगावी गेल्यात? ह्यापेक्षा आमच्या गावचा वढा बरा."

"जरा दम धरा, शेट."

"दम धरून धरून गूळ झाला माझा."

बुधाजीच्या मनाला ते लागलं. आजवर त्याच्या होडीतून कोणी रिकाम्या हाताने उतरलं नव्हतं. त्याने बांबू रोवला आणि होडीचं तोंड उगवतीकडच्या चराकडे वळवलं. जवानीत त्याने तिथे माणसाएवढा जिताडा बघितला होता. अलीकडे मात्र तो तिकडे गेलाच नव्हता. त्या चरात सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. बुधाजीला आता त्याचं काय? त्याला सगळीकडेच ऊन होतं.

चरात शिरल्यावर थोड्या वेळाने पाण्यात 'चुबुक' असा आवाज झाला. मग पुन्हा झाला.

"शेट, समोर बघा. नजर तयार आहे ना? सांगा काय दिसतं."

शेटने कपाळावर हात धरला. "उन्हानं डोळं दिपल्यात ओ. पाणी नुसतं चमकतंय. थांबा थांबा. त्या तिवराच्या झाडामागं काळं कायतरी वर आलंय. गेलं खाली. परत आलं."

"केवढं आहे?"

"घागरीएवढं. हालतंय." मग शेट हलक्या आवाजात म्हणाला, "तांडेल, तुमी बघा बरं नीट. माणूस तर न्हवं?"

बुधाजीने मान वर केली. डोळे ताणले. समोर ताक. 'मला दिसत नाही' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. एवढेच तीन शब्द. ते बोलायला श्वासही पुरा लागला नसता. पण त्या तीन शब्दांच्या मागे त्याचं चाळीस वर्षांचं नाव उभं होतं.

"भरतीला इथे माणूस कुठला? बायका केव्हाच घरी गेल्या. ती जिताड्याची पाठ आहे, शेट. चाळीस वर्षं वाचतोय मी हे पाणी. फेका!"

शेटने गळ फेकला. दोरी सुईं करत गेली.

"आता हिसका द्या!"

शेटने हिसका दिला. दोरी ताठ झाली, होडी कलली.

"लागला!" बुधाजी ओरडला. वर्षभरात त्याच्या अंगात असं वारं भरलं नव्हतं. "ओढा! ढील देऊ नका, तोंड फाटलं तरी चालेल. ओढा!"

शेट ओढू लागला. मासा जड होता, पण झुंजत नव्हता. हिसडे नाहीत, उड्या नाहीत. चालत आल्यासारखा सरळ होडीकडे येत होता. बुधाजीला जरा नवल वाटलं. मग होडीत काठी पडल्याचा आवाज झाला. शेटच्या हातातून गळाची काठी सुटली होती.

"काय झालं शेट? वाचा बसली? एवढा मोठा आहे?"

शेट बोलेना.

"सोडू नका! मी घेतो वर." बुधाजी होडीच्या कडेवर वाकला, दोरीला धरून त्याने दोन्ही हात पाण्यात घातले आणि मासा घट्ट धरला.

त्याच्या हाताला खवले लागले नाहीत. काकणं लागली.

बुधाजी तसाच राहिला. त्याने पुन्हा चाचपलं. काकणं, मनगट, तळवा. अंगठ्याच्या मुळाशी गळ रुतलेला आणि पाण्यापेक्षा गरम असं काहीतरी बोटांवरून वाहणारं. करंगळीशेजारच्या बोटात वाकडं वेढं होतं. ते वेढं त्यानेच लग्नात घातलं होतं.

"येशे?"

"हळू," येसू म्हणाली. दात घट्ट आवळून ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. "हळू बोला."

"तू... तू ओरडली का नाहीस गो?"

"ओरडले असते तर शेटना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

येसूने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तुम्हाला दिसत नाही ते."

जे बुधाजीने वर्षभर उंदरासारखं लपवलं होतं, ते तिच्या ओठांवर असं सहज बसलेलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"दर्यावर जन्म गेलेला माणूस बायकोला म्हणाला, माशाचे काटे काढून दे. त्याच दिवशी कळलं."

"आणि इथे काय करत होतीस?"

"रोज करते तेच. भरती लागायच्या सुमारास टोपली अर्धीच ठेवायची आणि तिवरांच्या आडून पाणी बडवायचं. मासे घाबरून तुमच्या होडीकडे पळतात. आज तुम्ही चर बदललात. मी चिखलातून धावत आले आणि आडोशाला बसले. तुमचं नाव जाईल म्हणून."

तेव्हा बुधाजीला सगळं कळलं. दर्याने त्याची लाज राखलीच नव्हती. तिसरा जिताडा कुठून आला, टोपली अर्धी का राहिली, सगळं त्या एका ओल्या हातात होतं. आणि त्या हातात आता काही राहिलं नाही, असं तो रोज रात्री जेवताना तिला सांगत होता.

गळाला उलटा काटा असतो. तो मागे ओढून निघत नाही. मांसातून पुढे ढकलून, टोक बाहेर काढून तोडावा लागतो. बुधाजीने कितीतरी पाहुण्यांच्या हातातून गळ असे काढले होते. त्याने कमरेची पक्कड काढली. कुठे हात संपतो आणि कुठे गळ सुरू होतो, ते त्याला दिसेना.

"तुम्हीच काढा," येसू कुजबुजली. "सावकाश काढा. शेट बघताहेत."

आताही ती त्याचं नाव सांभाळत होती. बुधाजीने पक्कड खाली ठेवली. मोठ्याने म्हणाला, "शेट, मला दिसत नाही. वर्ष झालं. हा गळ तुम्ही काढा."

शेटला दरदरून घाम फुटला होता. गुळाच्या भेल्या उचलणारे त्याचे ते आडदांड हात, पण त्याने जमेल तितक्या हळुवारपणे गळ पुढे ढकलला, टोक तोडलं, डोक्याचं पागोटं फाडून जखम बांधली. येसूने एकदाच डोळे मिटले. काम झाल्यावर शेट मटकन खाली बसला.

"तांडेल, म्या तुम्हास्नी इचारलं हुतं. माणूस तर न्हवं, म्हणून इचारलं हुतं."

"विचारलंत, शेट. पण मी उत्तर तुम्हाला दिलं नाही. माझ्या नावाला दिलं."

परतीच्या वाटेवर बांबू शेटनेच मारला. येसू पुढे बसून वाट सांगत होती. बुधाजी मधे बसला होता, मान खाली घालून. चाळीस वर्षांत तो आपल्या होडीच्या मधे कधी बसला नव्हता.

धक्क्यावर माणसं जमली होती. शेटच्या हातात बांबू आणि येसूच्या हाताला रक्ताळलेलं पागोटं बघून सगळ्यांची बोटं तोंडात गेली. येसू सांगू लागली, "अहो, पाय घसरून पडले मी..."

बुधाजीने तिला थांबवलं. "ती पडली नाही. मला वर्षभर दिसत नाही, आणि मी तिच्यावर गळ फेकायला लावला." एवढं बोलून तो खाली उतरला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

बुधाजीचं नाव गेलं ते गेलंच. होडी दुसऱ्याने नेली, पाहुणे दुसऱ्यांकडे जाऊ लागले. येसूची जखम भरली, पण अंगठा पुन्हा कधी मिटला नाही. मुळे काढायला दोन बोटांची चिमूट लागते. तिची चिमूट गेली.

मग गावाने एक पाहिलं. ओहोटीला बायकांच्या घोळक्यात एक पुरुष वाकलेला असायचा. मुळ्यांना डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. बुधाजी चिखलात हात घालून चाचपत राहायचा. येसू काठावर बसून "डावीकडे, अजून डावीकडे," असं सांगायची.

द्वारकेने एकदा हाक मारली, "नाना, भरती लागली हो! चला आता घरी."

"टोपली किती भरली ते सांग आधी."

"अर्धी झाली."

"मग तू हो पुढे," बुधाजी म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात वाकला.

तात्पर्य: आपलं उणं लपवून जो दुसऱ्याला वाट दाखवतो, त्याचा गळ एक दिवस त्याच्याच माणसाला लागतो. दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणावं. त्याने नाव जाईल, पण कोणाचा हात जाणार नाही.