छातीइतका कठडा

"कुणाचं खरं मानावं, महाराज? सरकारी दप्तराचं, की तुमच्या या भिंतीचं?"

नागप्पाशेठांनी चुन्याची बादली मठाच्या दारात आदळली. शेठ पंचकमिटीचे अध्यक्ष, गावातल्या मोठ्या किराणा दुकानाचे मालक. शाळा चौथीपर्यंत, पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखणार. यात्रा आठ दिवसांवर आलेली. त्याआधी मठाची विहिरीसमोरची भिंत पांढरी व्हायलाच हवी होती.

भिंतीवर भैरवगिरी महाराजांनी गेरूनं बारा महिन्यांचे बारा रकाने आखले होते. जे कुणी जीव द्यायला विहिरीवर आलं आणि जिवंत माघारी गेलं, त्या प्रत्येकाची एक खूण. बाईचं गोल, पुरुषाची उभी रेघ. तेच माणूस पुन्हा आलं, की त्याच खुणेखाली आडवी रेघ.

"पाच वर्षांत दप्तरात तीन नोंदी. तिघांचाही पाय घसरला," शेठ म्हणाले. "आणि तुमच्या भिंतीवर एकेचाळीस! यात्रेचे पाहुणे काय म्हणतील? या गावात मुलगी कोण देईल?"

"दप्तरात गेलेले आहेत. भिंतीवर परत आलेले."

"पण महाराज..."

"खण-नारळ कधी खपतात रे?"

शेठ खुलले. "हे काय विचारणं झालं! नागपंचमी झाली की. माहेरपणाला आलेल्या लेकी सासरी निघतात ना."

"आणि पावशेर साखर कोण नेतं?"

"म्हातारी माणसं. दिवाळी करून पोरं पुण्याला गेली, की हे किलोवरून पावशेरावर येतात. आपला तुकाराम कुंभार तर साखर नेणार पावशेर आणि बसणार तासभर. मी म्हणायचो, आजोबा, दुकान बंद करायचंय. तो म्हणायचा, कर की, मी पायरीवर बसतो." शेठ हसले. "मागल्या दिवाळीनंतर त्याचाही पाय घसरला, बिचाऱ्याचा."

"गिऱ्हाईक ओळखतोस तू. आता भिंत वाच."

शेठ ऐटीत पुढे झाले. ज्येष्ठात गोलं आणि उभ्या रेघा, एकीला एक लागून. "हा बोर्डाचा निकाल. कोवळी पोरंपोरी."

कार्तिकात उभ्या रेघा. "हे... पावशेरवाले."

हसू ओसरलं.

श्रावणात नुसती गोलं. कालच शेठांनी दुकानातून हिरवा खण काढून ठेवला होता. सोमवारी लेकीला, शैलजाला, सासरी पोचवायचं होतं. "अप्पा, मला नको पाठवू," एकदाच म्हणाली होती. मग गप्पच.

आषाढाच्या रकान्यात एक गोल होतं, त्याखाली आडवी रेघ. शेठांनी बोट लावलं. बोट तांबडं झालं.

"ही ओली कशी?"

"सकाळीच ओढली."

आषाढात शैलजाला याच विहिरीतून काढून घरी आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, काय झालं? तिनं तोंड उघडायच्या आत शेठच बोलले होते.

"काय सांगितलंस तेव्हा?"

"पाय घसरला."

"कठडा किती उंच आहे, नागप्पा?"

शेठांनी विहिरीकडं पाहिलं. हा कठडा पंचकमिटीनं त्यांच्याच देखरेखीखाली बांधला होता.

"...छातीइतका."

मग आतून कपबशीचा आवाज आला.

"आहे ना ती?" शेठांचा आवाज चिरकला. "महाराज, आहे ना?"

"चहा पितेय. मठातल्या पुजारीणबाई जवळ बसल्यात."

शेठांनी बादली उचलली. चुना लिंबाच्या बुंध्याशी ओतला, रिकामी बादली पालथी घातली. उंबऱ्याशी पायातलं काढलं... आणि तिथंच थांबले.

"सोमवारी ती कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "पण आत जाऊन काय बोलू?"

"तू नको बोलूस. तिला बोलू दे. डॉक्टरीणबाई वही घेऊन निघाल्यात. तुझा हिशोब चोख असतो म्हणतात, नागप्पा... हाही खरा लिहून दे."