साबिनाचा पाण्याचा पूल

एकदा काय झालं, बरं का, लांब रोमच्या राज्यात डोंगरावर एक गाव होतं. गावातल्या विहिरी कोरड्या ठणठणीत. गोड पाण्याचा झरा होता, पण पलीकडच्या डोंगरावर. मधे खोल दरी आणि तळाशी नदी. सगळं गाव दरी उतरून नदीचं पाणी वर आणायचं.

त्या गावात साबिना राहायची. तिचा नवरा गायस हुशार गवंडी होता.

झऱ्याचं पाणी गावात आणायला सुभेदारानं लाकडाचा पूल बांधला. पूर आला, पूल काटक्यांसारखा वाहून गेला. मग त्यानं पुलाच्या जागी दरीत दगडाची जाडजूड भिंत घातली. नदीनं तीही लोटून दिली. पडत्या भिंतीखाली सापडून गायसचे पाय कायमचे गेले.

सुभेदार म्हणाला, "पुरे झालं. गाव उठवा, दुसरीकडे राहा."

लोक सामान बांधायला लागले. साबिना मात्र घागर घेऊन नदीवर गेली. काठावर बसून म्हणाली, "बाई गं, का पाडतेस आमचे पूल?"

आणि नदी चक्क बोलली, बरं का. म्हणाली, "इतक्या वर्षांत विचारणारी तू पहिलीच. वाटेत जे आडवं येतं, ते मी सारते. मला दारं ठेवा, मी दारातून जाईन."

साबिना धापा टाकत घरी आली. "अहो, नदीला दारं हवीत."

गायसनं चुलीतल्या राखेत बोटानं एक कमान काढली. "अशी दारं ठेवू. कमानीचे दगड एकमेकांना रेटून उभे राहतात. चुनासुद्धा नको. पण मी चालू कुठं शकतो?"

"तुम्ही सांगा, मी चालते," साबिना म्हणाली.

तिनं सुभेदाराला गळ घातली, गावाला गोळा केलं. खाली मोठ्या कमानी, त्यांच्यावर मधल्या, त्यांच्यावर लहान. आणि सगळ्यात वर पाण्याचा पाट. पाच वर्षं काम चाललं.

मग कमानींखालचे लाकडी आधार काढायचा दिवस आला. सुभेदार म्हणाला, "ज्यानं बांधलं, त्यानं खाली उभं राहायचं."

गायस म्हणाला, "मला नेऊन ठेवा."

साबिनानं त्याला पाठुंगळी घेतलं आणि ती मधल्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. एकेक आधार निघाला. दगड करकरले. ती हलली नाही. मग सगळं शांत झालं. कमान जागच्या जागी.

तेवढ्यानं झालं नाही हं. त्याच वर्षी मोठा पूर आला. गाव कड्यावर श्वास रोखून उभं. नदी गर्जत आली, पुलापाशी पोचली, आणि पदर सावरून दारातून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटातून झऱ्याचं पाणी गावात आलं. म्हातारी माणसं त्यात हात बुडवून हसत राहिली. लोकांनी साबिना आणि गायसला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. सुभेदार सगळ्यांच्या पुढे चालला.

मग काय, सगळे पोटभर पाणी प्याले, सुखानं नांदले. दोन हजार वर्षं झाली, पूल अजून तसाच आहे. चला, मिटा डोळे. पाय पांघरुणात घ्या.