पुढची भाकरी

“मग घेऊ तरी कधी, बुवा?”

वैजनाथने हे तिसऱ्यांदा विचारलं. आबाबुवा चुलीपुढे बसून काठवटीत ज्वारीचं पीठ मळत होते. मी मठातलाच माणूस, शेजारी लसूण सोलत होतो.

वैजनाथ मोठा हुशार, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक. पण त्याचा पीएचडीचा प्रबंध अडला होता. दोन महिन्यांत दिला नाही, तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. जुना लॅपटॉप घडीघडी बंद पडायचा, आणि नवा घ्यायला हा तीन वर्षं धजत नव्हता. म्हणे, आज घ्यावा तर दिवाळीला त्याहून भारी निघतो. दिवाळीपर्यंत थांबावं तर संक्रांतीला आणखी वेगवान येणार असतो.

“आज घेतला की उद्या जुना झालाच म्हणून समजा,” तो म्हणाला. “आणि घाई करणाऱ्यांतला मी नाही.”

बुवा नुसतं ‘हं’ म्हणाले. मग म्हणाले, आधी जेवून घे.

दोन एसट्या बदलून आलेला माणूस, पोटात कावळे कोकलत होते. लगेच ताट घेऊन बसला.

पहिली भाकरी टम्म फुगली. वैजनाथने ताट पुढे केलं. बुवांनी भाकरी माझ्या ताटात टाकली.

“थांब. तवा आत्ताशी तापतोय. पुढची याहून छान होईल.”

वैजनाथने मान डोलावली. पटलंच की त्याला!

दुसरी खरंच जास्त छान झाली. पण बुवा म्हणाले, आता कुठे हात बसतोय. तीही माझ्याच ताटात आली. मग म्हणे जाळ नीट लागू दे, मग म्हणे निखारे पडू देत… एकीपेक्षा एक सरस भाकरी, आणि चारही माझ्याकडे. मला ढेकर आला, पण गुरूने वाढलेलं नको कसं म्हणायचं?

वैजनाथची नजर तव्यावरून माझ्या ताटात, ताटातून पुन्हा तव्यावर.

पाचवी बुवांनी स्वतः घेतली. ठेच्याबरोबर मिटक्या मारत खाल्ली, हात धुतले, आणि काठवट धुऊन भिंतीला टेकवून ठेवली.

“बुवा… पीठ?”

“संपलं. पण उद्याचं दळण याहून बारीक येणार आहे.”

वैजनाथने भिंतीला टेकवलेल्या काठवटीकडे पाहिलं.

मग एकाएकी त्याला हसू फुटलं. माझ्या ताटात शेवटची भाकरी उरली होती, अर्धी, माझी उष्टी. त्याने हात लांब करून ती ओढली आणि हा मोठा घास तोंडात कोंबला. मला तर सुटल्यासारखं झालं.

बुवांनी ठेच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

“अरे, अरे… ती जुनी झाली की.”