देवीच्या भिंतीवरचा चितारी

फार पूर्वी, डोंगरापलीकडे काय आहे हे विचारण्याची माणसांना गरज वाटत नसे त्या काळी, एका खोऱ्यात देवीचे देऊळ होते. देवळात मूर्ती नव्हती. गाभाऱ्याच्या भिंतीवर देवी रंगवलेली असे, आणि गाव तिचीच पूजा करी.

त्या गावाची एक रीत होती. दर वर्षी घटस्थापनेपूर्वी जुन्या चित्रावर चुना फिरवायचा आणि कोऱ्या भिंतीवर देवी नव्याने रेखायची. हे काम धाकोजी चिताऱ्याकडे होते. उपास धरून तो रंगवी. डोळे सर्वांत शेवटी काढी. आणि वर्ष सरले की तोच कुंचा चुन्यात बुडवून स्वतःचे काम पुसून टाकी. त्याचा हात कधी अडखळला नाही.

त्याची लेक भिवरा लहानपणी यावर रडली होती. "बाबा, एवढी सुंदर देवी पुसता कशाला?"

"वेडे, देवी काय भिंतीत राहते? ती येते नि जाते. आपण फक्त पाट मांडायचा. उष्ट्या पाटावर कोणी बसतं का?"

भिवरा त्याच्याच हाताखाली रंग खलायला शिकली, रेघ ओढायला शिकली. पुसायला मात्र शिकली नाही.

एका वर्षी धाकोजी देवीचे डोळे काढून घरी आला, अंथरुणावर पडला, तो पुन्हा उठला नाही. सारा गाव हळहळला. वर्ष फिरून आले. गुरवाने चुना भिजवला आणि भिवराला बोलावणे धाडले. ती आली, भिंतीसमोर उभी राहिली. पण कुंच्याला तिने हात लावला नाही.

"गुरवकाका, यंदा भिंत पुसायची नाही. हे बाबांचं शेवटचं काम आहे."

"अगं, पण रीत आहे, पोरी."

"रीत बाबांनी जन्मभर जपली. आता रीतीनं बाबांना जपावं."

गावच्या मुखियाला ते पटले. "बरोबर बोलते ती. असा हात पुन्हा व्हायचा नाही." गुरवाने चुना ओतून दिला.

चित्र टिकवायचे ठरले, तेव्हा एकेक बंधन आले. काजळी धरते म्हणून समई उंबऱ्याबाहेर गेली. धूप बंद झाला. कुंकू बंद झाले. ओली फुले चिकटवून देवीचा कौल घेत असत, तोही बंद झाला. पाण्याने रंग जातो. लांबलांबची माणसे चित्र पाहायला येऊ लागली. ती माना उंचावून बघत आणि म्हणत, "काय हात होता!" हात जोडायचे मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे. भिवराचा ऊर भरून येई. बाप गेला नाही, असे तिला वाटे.

एका दुपारी ती जळमटे काढायला गाभाऱ्यात गेली. तिने वर पाहिले आणि झाडू तिच्या हातातच राहिला. देवीच्या पापण्या खाली झुकल्या होत्या.

बापाची रेघ ती ओळखत होती. त्याने डोळे टपोरे, उघडे काढले होते. रंग उडाला म्हणावे, तर खाली कणभर पूड नव्हती. काही दिवसांनी देवीचे पुढे टाकलेले पाऊल मागे गेलेले दिसले. मग खांदा वळला. मग चेहरा अर्धाच दिसू लागला. गाभाऱ्यात बोललेला शब्द पूर्वी घुमत असे. आता तो भिंतीत जिरू लागला. घंटा वाजवली तरी नाद उंबरा ओलांडत नसे.

भिवरा कोणाला काही बोलली नाही. बोलले तर भिंत पुसावी लागेल, हे ती जाणून होती.

देवी जसजशी मागे सरली, तसतसा भिंतीच्या तळाशी एक डाग उमटत गेला. त्या डागातून मुंडासे दिसू लागले, मग वाकलेले खांदे, मग तोंड.

"धाकोजी! अहो, हा तर आपला धाकोजी!" गाव लोटला. मुखियाने नारळ फोडला. कोणी हसून म्हणाले, "जन्मभर पेज पिऊन राहिला बिचारा. आता बसून नैवेद्य खाईल." भिंतीला खिळा ठोकून हार घातला गेला. लोक त्याला नवस बोलू लागले. वरच्या कोपऱ्यात बोटभर उरलेली देवी पाठमोरी, दूर एका वाटेवर चालली होती. ती वाट धाकोजीने कधी रंगवली नव्हती. तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते.

गर्दी ओसरल्यावर भिवरा जवळ गेली. बापाचे डोळे तापाने झोप न लागणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसारखे होते. लोकांना वाटले होते, त्याने आशीर्वादाला हात उचलले आहेत. पण ते तळवे आतून भिंतीला टेकलेले होते, बंद दारावर टेकावेत तसे.

तिने आपला तळवा त्या तळव्यावर ठेवला. भिंत कोमट होती.

"बाबा, काय हवंय तुम्हांला?"

तिच्या तळव्याखाली काहीतरी हलले. सावकाश वर गेले, सावकाश खाली आले. पुन्हा वर, पुन्हा खाली. ही चाल ती लहानपणापासून पाहत आली होती. कुंचा असाच फिरतो.

ती बाहेर आली. "गुरवकाका, चुना भिजवा."

मुखिया उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "बापाच्या तोंडावर चुना फिरवणार? लेक आहेस की वैरीण?"

"इतके दिवस वैरीणच होते, दादा. त्यांची देवी निघून चाललीय, आणि त्यांना तिच्यामागं जाता येत नाही. आपण धरून ठेवलंय त्यांना. एकदा हात नीट बघा त्यांचे."

मुखिया आत गेला. त्याने ते तळवे जवळून निरखले. मग त्याने स्वतःच हार उतरवला आणि खाली मान घालून बाजूला झाला.

भिवराने आधी पाय पुसले, मग खांदे. तोंडापाशी कुंचा थांबला. चुना पोचण्याआधी त्या डोळ्यांनी आपणहून पापण्या मिटल्या. तिने ओठ घट्ट दाबून कुंचा ओढला. भिंत पांढरी झाली, आणि गार पडली.

मग तिने उपास धरून देवी रेखली. तिच्या रेघेला बापाची सर नव्हती. एका हाताचा दंड आखूड झाला, पदराची चूण चुकली. डोळे तिने शेवटी काढले, जमले तसे.

सकाळी गुरवाने समई आत ठेवली आणि गाव दर्शनाला आला. मुखियाने तो आखूड दंड पाहिला, काही बोलायला तोंड उघडले, आणि त्याची नजर देवीच्या नजरेला मिळाली. त्याने हात जोडले. मागच्यांनीही जोडले. त्या दिवशी देवळात धाकोजीचे नाव कोणी घेतले नाही. भिवराच्या ते ध्यानात आले, आणि बाप गेल्यापासून प्रथमच तिला शांत झोप लागली.

भक्ताचे स्मरण करायचे तर त्याची सेवा पुढे चालवावी. त्यालाच देवाच्या जागी बसवणारा देवाला गमावतो आणि भक्तालाही कोंडून ठेवतो.