घरटी एक लाकूड

बसा, पण त्या जोत्यावर नको. इकडे पाराच्या कडेला बसा. ते जोतं रिकामं दिसतं म्हणून पाहुणे हमखास तिकडेच जाऊन टेकतात, आणि मग मला वाईटपणा घ्यावा लागतो. चांगल्या घडीव दगडांचं आहे, वाडीच्या ऐन मध्यावर आहे, तरी आमच्या कुंभळवाडीत त्यावर कोणी घर बांधलं नाही. गोठासुद्धा नाही.

तुम्ही रान बघायला आलात. सगळे रानच बघायला येतात. हिरड्याची झाडं बघतात, फोटो काढतात, गावाने एकजुटीने जंगल राखलं असं लिहून नेतात. लिहा बापडे. जोत्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगतो.

माझ्या पणज्याच्याही आधीची गोष्ट. त्या काळी हा समोरचा डोंगर बोडका होता, असं सांगतात. घाटाखालून कोळसेवाले आले, आमच्याच माणसांनी त्यांना भट्ट्या लावून दिल्या, आणि दहा-बारा वर्षांत हिरडा, जांभूळ, आंबा सगळं जळून पोत्यांत गेलं. मग झरे आटले. हिरडा विकून वर्षाचं मीठ-मिरची आणि कापड घेणारी माणसं डोंगर उतरून दुसऱ्याच्या बांधावर राबायला जाऊ लागली. दोष कोणाला देणार? कुऱ्हाडी आमच्याच होत्या.

तेव्हा वाडीने वाघजाईपुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. खाली पडलेलं वाळकं तेवढं न्यायचं, आणि तेही आखाड लागायच्या आत. पुढे दसऱ्यापर्यंत रानात कुऱ्हाड न्यायचीच नाही. शपथ सगळ्यांनी घेतली, पण राखणीला कोणी तयार होईना, कारण राखण म्हणजे भाऊबंदांशी वैर. शेवटी ठमाबाई नावाची विधवा उभी राहिली. तिचा नवरा भट्टीच्या धुराने खोकून खोकून मेला होता. घरात तिचा एकुलता एक मुलगा बुधा, तो नुकता हाताशी आलेला.

बाई करडी होती, म्हणे. पाटलाच्या सख्ख्या भावाची कुऱ्हाड तिने हिसकून देवीच्या पायाशी नेऊन टाकली. एका भादव्यात एका बाळंतिणीच्या घरचं सरपण संपलं. शेकायला काही नाही म्हणून तिची सासू उभ्या झाडाच्या चार वाळक्या फांद्या मोडून घेऊन आली. ठमाबाईने त्या दारातून ओढून परत नेल्या. पोर वाचलं, पण सासूच्या मनातून ते गेलं नाही. ठमाबाईचं तिथे चुकलंच, आम्ही काही लपवत नाही.

पण रान उठलं. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले, सात-आठ वर्षांत झऱ्याला पाणी आलं, पुन्हा बाळहिरडा, म्हणजे विकायचा कोवळा हिरडा, मिळायला लागला. वेचायला सगळे पुढे. ठमाबाई वाटेत दिसली की मात्र तोंडं फिरायची.

अशात एका श्रावणात बुधाला ताप भरला. महिनाभर तिने चूल विझू दिली नाही. काढे उकळले, त्याचं अंग शेकलं, आणि त्यातच तिचं पावसाळ्याचं सगळं सरपण संपलं. एके दिवशी सकाळी बुधा गेला.

नियम करताना वाडीने चुलीचा विचार केला होता, हिरड्याचा केला होता, मरणाचा केला नव्हता. तोवर पावसाळ्यात कोणी गेलं, तर ज्याच्या-त्याच्या पडवीतलं सरपण पुरलं होतं. ठमाबाईच्या पडवीत आता काडी नव्हती.

सगळी वाडी तिच्या अंगणात जमली. प्रत्येकाच्या घरी सुक्या लाकडांची रास होती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत होता. पाऊस अजून दोन महिने होता म्हणून काहींचा हात आखडला. पण खरं सांगू? बऱ्याचजणांना बघायचंच होतं, की आता ही काय करते.

पाटील म्हणाला, "ठमे, रान तुझ्याच हातात हाय. एक झाड पाड. आमी कुनी बघनार न्हाई."

"आन म्होरल्या साली तुमी पाडाल," ती म्हणाली, "तवा म्या कंच्या तोंडानं आडवी यिऊ?"

तिने कुऱ्हाड उचलली. लोकांना वाटलं, निघाली रानात. तिने बुधाला अंगणात आणून इरल्याखाली झाकलं, आणि स्वतःच्या घराच्या दारावर घाव घातला. आधी दार, मग चौकट, मग माळ्याच्या फळ्या, मग खांब. छप्पर खाली आलं तरी ती थांबली नाही. एकटी बाई घर तोडत होती आणि वाडीतले पुरुष हात बांधून उभे होते. त्या पुरुषांत माझा खापरपणजाही होता.

मग ती बाळंतिणीची सासू डोक्यावर मोळी घेऊन धावत आली. "ठमाबाय, घे. माझं चुकलं, घे."

ठमाबाई म्हणाली, "न्या घरी. पाऊस हाय अजून, तुमास्नी लागंल."

घराचं लाकूड धुराने सुकून खडखडीत झालेलं होतं. ओढ्याकाठी भर पावसात ते पेटलं, असं सांगतात.

दसरा झाल्यावर वाडी तिला नवं घर बांधून द्यायला आली. तिने एकच विचारलं, "लाकूड कुटलं?" उभं झाड पाडल्याशिवाय खांब कुठून येणार? आले तसे सगळे परत गेले. पुढची नऊ वर्षं ती या जोत्यावर गवताच्या झापाखाली राहिली. कोणाच्या घरात पाऊल टाकलं नाही, कोणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. रानाची राखण मात्र एक दिवस चुकवली नाही.

जाताना ती सांगून गेली, "मला पुरा. तुमचं लाकूड नगं." तरी लोकांनी आणलं. घराघरातून आणलं, न सांगता आणलं, ओढ्याकाठी माणसाच्या उंचीचा ढीग लागला. तिला तिच्या म्हणण्याप्रमाणे पुरलं. ढीग तसाच राहिला. तो उचलून परत घरी न्यायची कोणाची छाती झाली नाही.

आजही वाडीत कोणी गेलं की बोलावणं धाडावं लागत नाही. घरटी एक लाकूड ओढ्यावर जातं. माझी बायको गेली तेव्हा, ज्याच्याशी सोळा वर्षं माझं बोलणं नाही, तोही आला. लाकूड ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेला. पाहुण्यांना हे फार आवडतं. किती सुंदर प्रथा, म्हणतात. सुंदर कसली? जिला द्यायचं होतं तिला दिलं नाही, आणि आता जो मरेल त्याला देत बसलोय.

सरणावर रचून उरतं ते लाकूड तिथेच ओढ्याकाठी पडून राहतं. भर श्रावणात घरची चूल विझली, म्हातारी माणसं थंडीने काकडली, तरी त्यातली काडी कोणी उचलत नाही. वाळवी खाते, कुजून जातं. तुम्ही विचाराल, एवढं लाकूड वाया का घालवता? ते लाकूड ठमाबाईचं आहे, आणि तिला ते नको होतं.