ठकठक ऐकणारी कासवीण

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी बोलत असत आणि नवल म्हणजे माणसे ऐकून घेत असत!

समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात मंजुळा नावाची कोळीण राहत होती. एकदा तिच्या सासऱ्याच्या जाळ्यात एक कासवीण सापडली. दोरीने तिचा पुढचा पाय कापला होता. पोहता येईना, म्हणजे मरण ठरलेलेच. मंजुळाचा जीव कळवळला. तिने कासविणीला खडकातल्या खाऱ्या डबक्यात ठेवले, दगड रचून वाट बंद केली आणि रोज जखमेवर हळद-तेल लावू लागली.

कासवीण काही खाईना. मग मंजुळा टोपली ठकठक वाजवायची आणि सोललेली कोळंबी तिला हाताने भरवायची. पुढे पुढे ठकठक ऐकताच कासवीण काठाशी हजर! सारा कोळीवाडा हे कौतुक बघायला लोटला.

"अगो बाय, हिला ऐकू येतं तरी कुठून? कान तर दिसत नाहीत!" म्हणत बायका वाकवाकून बघत. मंजुळा फुलून जाई.

पाय बरा झाला. कासव सोडताना त्याच्या पाठीला कुंकू लावायचे आणि नारळ वाढवायचा, ही तिथली रीत. सगळे थाटात झाले.

दुसऱ्याच दिवशी होड्या निघाल्या. मासे जाळ्याकडे हाकायला कोळी होडीच्या काठावर वल्हे बडवतात. ठकठक झाली आणि कासवीण थेट जाळ्यात! किनाऱ्यावर आणली तेव्हा ती अर्धमेली झाली होती.

मंजुळा रडकुंडीला आली. "एवढा मोठा दर्या सोडून परत कशाला आलीस गो?"

कासवीण धापा टाकत म्हणाली, "ठकठक झाली की खायला मिळतं, हे तूच शिकवलंस. कोणती ठकठक मायेची आणि कोणती जाळ्याची, हे मला कसं कळावं?"

तेव्हा सासरा म्हणाला, "सूनबाय, कासवीण पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते म्हणतात. आता तू पण दुरूनच बघ."

कासवीण पुन्हा डबक्यात गेली. या वेळी मंजुळा जिवंत खेकडे सोडून केवड्याच्या बनाआड लपे. उपाशी कासवीण तिला हाका मारी. पण मंजुळा जागची हलली नाही. शेवटी भुकेने कासविणीला अक्कल दिली. दगडाखालचा खेकडा तिने स्वतः धरला. मग हाका थांबल्या. हळूहळू ती माणसांची भाषाच विसरली.

सोडायच्या दिवशी मंजुळाने कुंकू लावायला हात पुढे केला. कासविणीने फिसकारून चावायलाच तोंड उघडले!

"बघा, केल्या उपकाराची जाणीव नाही," लोक म्हणाले.

मंजुळा मात्र डोळे पुसत हसली. "आता ही जगेल," ती म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली. कासवीण वाळू उडवत लाटांत शिरली. पुन्हा ती कुणाच्याच जाळ्यात सापडली नाही.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्यावर माया करतो त्याला आपल्यावाचून जगता यावे, तीच खरी माया.